एकोणिसाव्या तुकड्यातली मुलगी

डीजे खटक्याचा अल्बम सोमवारी बाहेर आला आणि शुक्रवारपर्यंत त्यावर न बोललेला माणूस शोधावा लागला असता. अल्बम म्हणजे तरी काय, एका दमात वाजवलेलं पन्नास मिनिटांचं मिक्स. हिप-हॉपच्या ठेक्यावर चाळीस जुन्या तबकड्यांचे तुकडे: बँड, हवामानाच्या बातम्या, कवायत शिकवणारा मास्तर, रडकी सिनेमागाणी, काय वाट्टेल ते. एकाने लिहिलं, असं काही वर्षांत ऐकलं नाही. दुसऱ्याने लिहिलं, हा तर भंगारवाल्याचा गाडा. तिसऱ्याने पहिल्या दोघांची अक्कल काढली. एकोणिसाव्या तुकड्यावर मात्र झाडून सगळे फिदा! आठ सेकंद एक लहान मुलगी सुरात काहीतरी म्हणते, खटका तिची तबकडी सुईखाली पुढेमागे घासतो आणि वरून ड्रम कोसळतो. ही मुलगी कोण, यावर नुसता धुरळा उडाला होता.

खटका दिवसभर चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचा. फोन शेजारीच. कौतुक वाचून सुखावायचा, का नाही सुखावणार? पण त्याला खरा हवा होता तो एकाच माणसाचा शब्द, आणि तो माणूस चार वर्षं त्याच्याशी बोलत नव्हता. दादा, त्याचा थोरला भाऊ. ठेका मोजायला, दोन तबकड्या एका चालीवर आणायला दादानेच शिकवलं होतं. पुढे वेगळी खोली घेताना खटक्याने दोघांची तबकड्यांची पेटी न विचारता उचलली, तिथे बोलणं तुटलं. अल्बम त्याने दादाला पहिल्या दिवशीच पाठवला होता. उत्तर नव्हतं.

आणि गंमत म्हणजे ती मुलगी कोण, हे खटक्यालाही ठाऊक नव्हतं! तबकड्या वाजवणाऱ्या या लोकांची एक जुनी खोड आहे. आपला माल दुसऱ्याला कळू नये म्हणून तबकड्यांची लेबलं भिजवून काढून टाकायची. खटक्याने एका दुपारी बादली घेऊन अख्खी पेटी सोलून काढली होती. एकेक वाचत बसायला वेळ कुणाला होता?

शनिवारी भर दुपारी दादा दुकानात आला आणि गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसला.

"ऐकलं," तो म्हणाला.

खटक्याच्या चिमट्यातला स्क्रू निसटला. "मग? कसं वाटलं?"

"हात चांगला बसलाय तुझा. एकोणिसाव्याचा वेग चुकलाय. सावकाश फिरवायची तबकडी तू जोरात फिरवलीस."

"अरे दादा, लोकांना तेच तर आवडलंय! ती पोरगी..."

"पोरगी नाही ती. आई आहे."

आई गेली तेव्हा खटका दोन वर्षांचा होता. तिचा आवाज त्याला कुठून आठवणार? दादा तेव्हा दहाचा. एका दुकानात आपला आवाज तबकडीवर उतरवून मिळायचा, तिथे ती दोघांना घेऊन गेली होती. एकच प्रत. लेबलवर तिच्या हातचं अक्षर होतं, तेही बादलीत गेलं.

"मग पेटी मागितली का नाहीस?"

"तू आणून देशील असं वाटायचं," दादा म्हणाला. "बरेच दिवस वाटलं."

खटक्याने डोकं दुखतंय अशी मालकाला थाप मारली आणि दोघे त्याच्या खोलीवर गेले. तबकडी चढवली, वेग उतरवला, सुई टेकवली. एका बाईचा आवाज आला, जरा घोगरा, घाई नसलेला. एक ओळ झाली, दुसरी झाली. दादा गुडघ्यावर बोटांनी ठेका धरून होता. मग नुसती खरखर. बरोबर एकोणिसाव्या तुकड्याएवढ्या जागेत खरखर, आणि पुढे पुन्हा आई गायला लागली.

अशी दुकानात उतरवून घेतलेली तबकडी मऊ असते, फार वेळा वाजवायची नसते. खटक्याने तेवढीच जागा दोन महिने रोज सुईखाली पुढेमागे घासली होती. दोघेही त्यातलेच, समजावून सांगायची गरज नव्हती. दादाने ठेका थांबवला.

"अल्बममध्ये आहे ना," खटका घाईघाईने म्हणाला. त्याने तो तुकडा हळू करून लावला. ड्रम फुगून अंगावर आला आणि त्याखाली कुणीतरी काहीतरी म्हणत होतं, एवढंच कळलं. त्याने पुन्हा लावला. पुन्हा तेच. त्याला स्वतःची भयंकर चीड आली.

"काय म्हणते रे ती तिथे?"

"ते गाणं नाहीये. तू दुडूदुडू दाराकडे पळाला होतास. गाता गाता सुरातच तिने तुला हाक मारली."

"कशी?"

दादाचा गळा पहिल्यापासून बेसूर. त्याने घसा खाकरला, दाराकडे बघितलं आणि चढ्या सुरात, शेवटचं अक्षर लांबवत, आईने मारली होती तशी हाक मारली.

"ओ," खटका म्हणाला.