फट नसलेलं दार

मित्रांनो, मी एक जुना पिंजरा आहे. माझ्या दाराखाली आज चार बोटांची फट दिसते ना, ती जन्मापासूनची नाही.

मला बनवलं ते प्राणिसंग्रहालयातल्या एका चिंपांझीसाठी. आधीच्या पिंजऱ्याच्या दाराखाली बोटं घालून त्याने दार उचललं होतं आणि राखणदाराचा अंगठा चावून तोडला होता. म्हणून वेल्डरने माझं वरून पडणारं दार असं बसवलं, की खाली नखही शिरू नये. चिंपांझीने स्वतःला माझ्या गजांवर आपटलं, तोंड रक्तबंबाळ करून घेतलं. मी हललो नाही. सगळ्यांनी माझं कौतुक केलं आणि मीही फुगलो.

तो म्हातारा होऊन गेला आणि मला माकडं पकडणाऱ्या मामांनी नेलं. चिंपांझीला जो पुरून उरला, त्याच्यापुढे माकडाची काय बिशाद, असं ते सांगत फिरत.

पण माकड म्हणजे लहान चिंपांझी नव्हे. चिंपांझी, गोरिला यांना शेपूट नसते. माकडाला बहुतेक वेळा असते. एवढी साधी गोष्ट, पण ना मामांच्या ध्यानात आली, ना माझ्या.

एकदा एक पिल्लू केळ्यासाठी आत शिरलं. त्याला ओढायला आई धावली. मामांनी दोरी सोडली. माझं दार पडलं ते तिच्या शेपटीवर.

तिने आधी माझे गज चावले, मग स्वतःचीच शेपूट. पिल्लाचा आक्रोश ऐकून मामी धावत आल्या.

"अहो, दार उचला."

"उचललं की पळेल."

"पळू दे की."

मामा घुटमळले. तेवढ्यात तिने जिवाच्या आकांताने हिसडा दिला. शेपूट बाहेर राहिली, ती आत.

"घ्या, झाली चिंपांझी," मामा ओशाळं हसले.

मामी हसल्या नाहीत. "चिंपांझी लांब हातांनी लोंबकळतो हो. ही फांदीवरून धावते. हिचा तोल त्या शेपटीत होता."

जखम भरल्यावर मामांनी मला रानात नेऊन दार उचललं. पिल्लाला पोटाशी धरून ती झाडावर चढली. सवयीने लांब झेप घेतली. पाय फांदीला टेकले, अंग भेलकांडलं आणि ती खाली आपटली. पिल्लू तिच्याखाली सापडलं. ते उठेना. ती त्याला हलवत राहिली, केस विंचरत राहिली.

मामा तिथून थेट वेल्डरकडे गेले. त्यांनी माझं दार खालून चार बोटं कापून घेतलं.

वेल्डर चुकला नव्हता. त्याने दार चोख बसवलं होतं, फक्त दुसऱ्या कुणासाठी. तुमच्या घरीही दारं आहेत आणि मागून धावत येणारी लहान भावंडंही. दार ओढण्याआधी मागे वळून बघाल ना, मित्रांनो?