शेवटचा थांबा, आपला माणूस

मी गाडी चालवते आणि माझा धाकटा भाऊ तोंड चालवतो. आमचा धंदा एवढाच. सकाळी पाहुण्यांना हॉटेलच्या दारातून उचलायचं, दुपारपर्यंत शहर दाखवायचं आणि परत आणून सोडायचं. मोठ्या बसवाल्यांसारखं आमचं काही ठरलेलं नसतं. पाहुणे म्हणतील तिथे थांबतो, नको म्हणतील ते गाळतो. धाकटा याला 'तुमच्या मर्जीचा अर्धा दिवस' म्हणतो. माझी मर्जी कोणी विचारत नाही.

त्या सकाळी सुरुवातच मारामारीने झाली. एका बसवाल्याने आपली बस माझ्या गाडीच्या तोंडाला आणून भिडवली आणि खाली उतरून म्हणाला, "बाईमाणसाने गाडी चालवली की हे असंच व्हायचं." माझा राग नाकावर. मी त्याच्या कानाखाली अशी वाजवली की त्याचा चष्मा बसखाली गेला. त्याने माझे केस धरले. मी गुडघा हाणला. तो पोट धरून वाकला तेव्हा धाकटा मध्ये आला.

"ताई, पुरे! पाहुणे बघताहेत."

पाहुणे खरंच बघत होते. हॉटेलच्या पायरीवर एक म्हातारी बाई उभी होती, अंगाने काटकुळी, पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरलेली. शेजारी तिचा मुलगा, दाराएवढा रुंद. मी मनातल्या मनात त्याचं नाव दांडगा ठेवलं. एरवी असं काही पाहिलं की पाहुणे आत पळतात. ही बाई शांतपणे पायऱ्या उतरली, माझ्या फुटलेल्या ओठाकडे तिने नीट पाहिलं आणि मागच्या सीटवर जाऊन बसली.

धाकट्याने तिला लगेच मावशी करून टाकलं. तो कोणालाही पहिल्या वळणाच्या आत नात्यात ओढतो. मावशींना इथली भाषा येत होती, मोडकी पण पुरेशी. दांडग्याला ती येत असावी, पण तो बोलत नव्हता.

"आमच्या शहरात सगळ्या जगातली माणसं गुण्यागोविंदाने राहतात," धाकट्याने सुरू केलं. हे वाक्य तो झोपेतही म्हणतो. मला ते ऐकून दर वेळी चीड येते. तो दाखवतो शेजारीशेजारी उभी असलेली तीन प्रार्थनाघरं. मला दिसते मधल्या घराची काळवंडलेली भिंत, जिला आतल्या माणसांसकट आग लावली होती. तो दाखवतो दोन वस्त्यांना जोडणारा देखणा पूल. त्या पुलावर दोन्हीकडची पोरं बाटल्या आणि साखळ्या घेऊन भिडली होती आणि सकाळी नगरपालिकेचा पाण्याचा टँकर रक्त धुवायला आला होता. धाकट्याचं शहर पाहुण्यांसाठी असतं. मी त्यातून गाडी काढते, म्हणून मला खड्डे माहीत आहेत.

त्याची एक खासियत मात्र मानायला हवी. हे आमचं शहर बाहेरून आलेल्यांचं. कोणी पोटासाठी आला, कोणी जीव वाचवायला. पाहुणा कुठल्याही देशातला असो, त्या देशातून येऊन इथे स्थायिक झालेला एक तरी माणूस धाकट्याच्या ओळखीचा असतो. दौऱ्याचा शेवटचा थांबा त्या माणसाकडे. धाकटा त्याला 'आपला माणूस' म्हणतो. परक्या मुलखात आपली भाषा कानावर पडली की पाहुणे विरघळतात, मिठ्या मारतात, काही रडतातसुद्धा. मग धाकटा फोटो काढतो आणि इंटरनेटवर चढवतो. एका देशातले म्हणजे एका घरातले, असं त्याचं साधं गणित.

मावशींच्या देशाचा आपला माणूस होता काचवाला, तावदानांच्या काचांचं दुकान असलेला.

मासळी बाजारापाशी थांबलो. आत दोन कोळणी ओट्यावरून एकमेकींच्या झिंज्या उपटत होत्या, एकीच्या हातात कोयता होता. धाकटा म्हणाला, "हे यांचं रोजचं प्रेम आहे," आणि सगळ्यांसाठी चहा आणायला गेला. दांडगा त्या भांडणाकडे बघत बाहेर उभा राहिला. गाडीत मी आणि मावशी.

"तुझा हात चालतो," त्या म्हणाल्या.

"चालवावा लागतो, मावशी."

"म्हणून तुला सांगते. नंतर मध्ये पडू नकोस."

मग त्यांनी सांगितलं. आवाज चढला नाही, डोळे भरले नाहीत. त्यांच्याकडे एका उन्हाळ्यात शेजाऱ्यांनी शेजारी मारले. त्यांच्या मुलीला एका माणसाने घरातून ओढत विहिरीपाशी नेलं. मुलगी तिथून परत आली नाही. तो माणूस पुढे गायब झाला. आणि गेल्या हिवाळ्यात नातीने फोनवर एक फोटो दाखवला, सहलीला जाऊन आलेल्या कोणाचा तरी. त्यात माझा धाकटा एका पांढऱ्या दाढीवाल्याच्या गळ्यात हात टाकून हसत होता.

"दाढी पांढरी झाली," मावशी म्हणाल्या, "पण डाव्या कानाची पाळी तशीच तुटकी आहे. ती माझ्या मुलीने दातांनी तोडली. मी माळ्यावरून पाहत होते."

तो तुटका कान मी कितीदा पाहिला होता. काच उतरवताना कापला, असं त्याने मला सांगितलं होतं.

"आणि माणूस चुकीचा निघाला तर?"

"चुकीचा असला तर तो मला ओळखणार नाही. मग आम्ही चहा पिऊन निघू." त्यांनी पर्सची चेन ओढून लावली. "बरोबर असला तर माझा लेक त्याला मारणार. त्यासाठीच आलोय."

चुकीचाच असणार, असं मी स्वतःला बजावलं. कारण हाच काचवाला, ज्या दिवशी बाजारपेठेत दगडफेक होऊन दुकानांच्या काचा फुटल्या आणि एक तुकडा धाकट्याच्या मांडीत घुसला, त्या दिवशी जमावात शिरला होता. स्वतःचा पट्टा काढून त्याने मांडी आवळली आणि धाकट्याला पाठीवर टाकून दवाखान्यापर्यंत पळाला. लोक त्याच्यावरही दगड मारत होते. पाठ सोलून निघाली होती त्याची. माझा भाऊ आज बडबडतो तो त्या माणसामुळे. अशा माणसाने कोणाच्या लेकीला विहिरीवर ओढत नेलं, हे माझ्या गळ्याखाली उतरेना.

धाकट्याला सांगायची सोय नव्हती. त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही; त्याने मागे वळून मावशींनाच विचारलं असतं, खरं का हो म्हणून. पोलिसांना तरी काय सांगणार? एक म्हातारी काचेच्या दुकानात जाऊ म्हणते? माझ्या हातात एकच गोष्ट होती, स्टिअरिंग. काचवाला दुपारी दुकान बंद करून माल पोचवायला जायचा. तोपर्यंत गाडी फिरवत ठेवायची. उद्या हे लोक परत जाणार होते.

मी फिरवली. दीपगृह दाखवलं, जिथे आम्ही कधी कोणाला नेत नाही, कारण तिथे वाऱ्याशिवाय काही नाही. जुना कत्तलखाना दाखवला. खलाशांची स्मशानभूमी दाखवली. धाकट्याला माहिती सुचेना, तेव्हा त्याने सरळ थापा मारल्या. मग माझ्याकडे वाकून कुजबुजला, "ताई, डोकं फिरलंय का तुझं? कत्तलखाना?"

"मर्जीचा अर्धा दिवस ना? आज माझी मर्जी."

बंदराच्या रस्त्यावर दांडग्याला संशय आला. मागून त्याचा पंजा आला आणि माझी मान चिमट्यात धरल्यासारखी धरली. बोटं अशी रुतली की डोळ्यांपुढे काजवे चमकले.

"काचवाला," तो म्हणाला. सकाळपासूनचा त्याचा पहिला शब्द.

मी खाडकन ब्रेक दाबला. त्याचं तोंड पुढच्या सीटच्या लोखंडी दांड्यावर आपटलं आणि नाकातून धार लागली. धाकटा ओरडला, "तरी मी सांगत होतो, पट्टा लावा!" मी म्हटलं, कुत्रं आडवं आलं. मावशींनी रुमाल काढून लेकाच्या नाकाला लावला. आरशात त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना सगळं कळलं होतं आणि त्या रागावल्या नव्हत्या, याचीच मला जास्त भीती वाटली.

शेवटी मी गाडी टेकडीवर घातली. इथून सगळं शहर दिसतं. एव्हाना काचवाल्याचं दुकान बंद झालेलं असणार होतं. मला पोरकट आनंद झाला. एक माणूस वाचवला, आणि कोणाला पत्ताही लागला नाही, असं वाटून मी कठड्याला टेकून चक्क हसले.

धाकटा टाळी वाजवून म्हणाला, "मावशी, दुकान हुकलं म्हणून नाराज व्हायचं नाही. तुमचा आपला माणूस भेटल्याशिवाय मी कोणाला जाऊ देत नाही. फोन केलाय त्याला. तो इथेच येतोय."

मी त्याच्याकडे बघत राहिले. त्याला तिथेच फोडून काढावंसं वाटलं. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो माझ्या घरात हसत उभा होता.

"परत पाठव त्याला! आत्ताच्या आत्ता!"

"अगं, पण आला की तो."

पायवाटेने काचवाला धापा टाकत वर येत होता. कामाच्याच कपड्यात, चेहऱ्यावर गावाकडचं कोणी भेटणार म्हणून फुललेलं हसू. लांबूनच त्याने दोन्ही हात पसरले आणि आपल्या भाषेत काहीतरी मोठ्याने म्हणाला.

आईने विचारायची वाट न बघता दांडगा त्याच्याकडे चालत गेला. पहिला ठोसा तोंडावर बसला. मिठीसाठी पसरलेले हात तसेच राहिले आणि काचवाला मागे कोसळला. दांडग्याने त्याला शर्टाला धरून उठवलं, पुन्हा मारलं. बरगड्यांत लाथ बसल्याचा आवाज मला ऐकू आला. धाकटा "अहो! अहो!" करत त्याच्या दंडाला लोंबकळला, दांडग्याने त्याला झटकलं तो थेट दगडी कठड्यावर. धाकट्याची भुवई उसवली आणि अर्धा चेहरा लाल झाला.

मग मला बाकी काही दिसलं नाही. मी मागून दांडग्याच्या पाठीवर उडी घेतली, कोपर त्याच्या गळ्याभोवती टाकलं आणि आवळलं. त्याने कोपरं मारली, माझ्या बरगडीत कळ गेली, मी आणखी आवळलं. तो गुडघ्यांवर आला. धाकटा रांगत आला आणि त्याच्या पायांना मिठी मारून बसला.

"सोडू नकोस, ताई! सोडू नकोस!"

मी सोडणार नव्हतेच. मरेपर्यंत धरून ठेवलं असतं.

काचवाला समोर उकिडवा बसून रक्त थुंकत होता. मावशी सावकाश त्याच्यापाशी गेल्या. तो आपल्या भाषेत काही म्हणू लागला, तेव्हा त्यांनी हात वर केला.

"इथल्या भाषेत बोल. यांनाही कळू दे. मला ओळखलंस?"

त्याने बाहीने डोळ्यांतलं रक्त पुसलं आणि त्यांच्याकडे निरखून पाहिलं. मी मनात म्हणत होते, नाही म्हण. नुसतं नाही म्हण, बाबा. आम्ही सगळे इथून खाली जाऊ, तुला मी दवाखान्यात नेईन, तुझे पाय धुईन.

"माझ्या मुलीला तू नेलंस," मावशी म्हणाल्या. "विहिरीवर."

काचवाल्याने मान खाली घातली. मग त्याने वर पाहिलं आणि विचारलं, "कोणती?"

उद्धटपणे नाही विचारलं. कळवळून विचारलं. त्याला खरंच आठवायचं होतं. "कडेला बाळ होतं ती?" तो म्हणाला. "की दोघी बहिणी होत्या, त्यांतली?"

मावशींचा चेहरा पहिल्यांदाच वाकडा झाला. एवढा प्रवास करून आल्यावर त्यांना हेही कळलं, की त्यांची मुलगी त्याला आठवत नव्हती.

मला शिसारी आली. माझ्या भावाला जिने दगड खात वाहून नेलं ती पाठ आणि मुलींना विहिरीवर ओढत नेणारे हात एकाच माणसाचे होते, आणि दोन्ही खरं होतं. मला त्यातलं एक खोटं करता येईना. माझं कोपर ढिलं झालं. मग मी हात काढून घेतला.

दांडगा उठला. पायाला चिकटलेल्या धाकट्याला त्याने लाथेने बाजूला केलं आणि कठड्याचा सुटलेला दगड दोन्ही हातांनी उचलला. काचवाल्याने हात आडवा धरला नाही. धाकट्याची किंकाळी संपायच्या आत ते संपलं होतं. तरी दांडगा मारत राहिला. मावशी म्हणाल्या, "बस," तेव्हा त्याने दगड खाली ठेवला आणि मोठ्याने रडू लागला.

पळालं कोणीच नाही. मावशी बाकावर बसून राहिल्या, पर्स मांडीवर. पोलीस आले, त्यांनी मायलेकांना गाडीत बसवलं. मग एक पोलीसबाई आमच्याकडे आली. धाकट्याच्या भुवईवर पट्टी होती, पण तो माझ्या आधी बोलला.

"ताईने धरलं होतं हो त्याला. गळ्यालाच धरलं होतं. केवढा दांडगा तो, घामाने हात निसटला तिचा. ती काय करणार?"

बोलता बोलता तो माझ्या पायावर पाय दाबत होता. मी हात काढून घेतला ते त्याने पाहिलं होतं. समोर कठड्यापाशी चादर टाकलेली होती आणि तिच्याबाहेर काचवाल्याचा एक बूट दिसत होता. धाकटा त्याच्याकडे बघत नव्हता, तो माझ्या तोंडाकडे बघत होता.

पोलीसबाईने मला विचारलं, "हात निसटला?"

"नाही," मी म्हणाले. "मी सोडला."