क्विंटलचे पाच

लातूरच्या त्या स्पर्धा परीक्षेच्या क्लासमध्ये दर शनिवारी चाचणी व्हायची आणि सोमवारी मार्कांप्रमाणे तुकड्या पडायच्या. पहिले चाळीस 'अ' तुकडीत, थेट वीरभद्र सरांसमोर. बाकीचे गच्चीवरच्या पत्र्याच्या हॉलमध्ये, तिथं सर फक्त पडद्यावर दिसायचे. औशाजवळच्या खेड्यातून आलेली पुनम या खेपेला एका मार्कानं पत्र्याखाली गेली.

तो मार्क गेला इंग्रजीत. संख्यांवरून शब्द ओळखायची एक पुस्तिका सरांनी काढली होती. लातूर आणि नांदेड, दोन्ही शाखांत तीच चालायची. ट्राय म्हणजे तीन, म्हणून ट्रायअँगल. ऑक्टो म्हणजे आठ, म्हणून ऑक्टोपस. पुनमला हे मनापासून आवडायचं. "आरती, त्रि काय नि ट्राय काय, हे ग्रीक-लॅटिनवाले आपले सोयरेच निघाले की," असं ती खोलीवरच्या मैत्रिणीला म्हणायची. चाचणीत प्रश्न होता: 'क्विंटल' या शब्दाच्या मुळाशी कोणती संख्या आहे? पुनमनं शंभरवर खूण केली. सरांचं उत्तर होतं, पाच.

निकाल वाचून होताच ती उभी राहिली.

"सर, क्विंटल शंभर किलोचा असतो. पन्नासचे दोन कट्टे. त्यात पाच कुठून आले?"

"क्विंट म्हणजे पाच," सर हसले. "तू इथं इंग्रजी शिकायला आलीस का मोंढ्यात सोयाबीन घालायला?"

सगळा वर्ग खदखदून हसला. पुनमची कानशिलं तापली. तिचे वडील रामलिंग तीस वर्षं त्याच मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, माल घालत होते, आणि इथं मोंढ्याचं नाव शिवीसारखं तोंडावर फेकलं गेलं होतं.

संध्याकाळी तिनं ग्रंथालयातला जाडजूड शब्दकोश काढला. मूळ शब्द लॅटिन, शंभराचाच. अरबांनी त्याचा किंतार केला आणि तो फिरून युरोपात क्विंटल होऊन आला. पाचाचा काडीचा संबंध नव्हता. तिनं त्या पानाचा फोटो घेतला.

दुसऱ्या दिवशी सरांनी केबिनमध्ये तो फोटो पाहिला आणि उठून दार लावलं.

"बरोबर आहे. माझ्याही मागच्या वर्षी लक्षात आलं."

"मग बदललं का न्हाई?"

"एक चूक कबूल केली की पोरं बाकीच्या शब्दांवरही शंका घेतात. तू उद्यापासून 'अ' मध्ये बस. विषय संपला."

"आणि ज्यांनी शंभर लिहिलं ते?"

"ते आले का विचारायला?"

ती आली होती त्या मार्कासाठीच. पण असा दाराआड हातावर ठेवलेला मार्क तिला उष्ट्यासारखा वाटला. ती बाहेर पडली, तडक 'अ' तुकडीच्या वर्गात गेली आणि फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: क्विंटल म्हणजे शंभर. सरांना माहीत आहे.

मागोमाग सर आले. "पूस ते."

"खोटं असंल तर तुम्ही पुसा." ती वर्गाकडे वळली. "कोणी कोणी शंभर लिहिलं होतं?"

कोणी हलेना. तिथंच बसलेल्या आरतीनंही शंभरच लिहिलं होतं, पुनमला ते पक्कं ठाऊक होतं. आरती वहीत बघत राहिली. बऱ्याच वेळानं लोहा गावच्या मल्लिनाथनं हात वर केला. मग आणखी तिघांनी.

सरांनी तळहातानंच फळा पुसला. दुपारी ऑफिसात पुनमचं ओळखपत्र काढून घेतलं.

"मलाबी काढलं असतं, तर घरी काय तोंड दाखवलं असतं?" रात्री आरती रडत म्हणाली. पुनमला सरांपेक्षा तिचाच राग जास्त आला होता.

मग पुनम ग्रंथालयात बसून एकटीच अभ्यास करू लागली. हात वर केलेल्या चौघांचा एकेक मार्क गुपचूप वाढवल्याचं मल्लिनाथनं फोनवर सांगितलं. महिन्यानं आरती नवी पुस्तिका घेऊन ग्रंथालयात आली.

"बघ, क्विंटल काढून टाकलं. तुझ्यामुळंच."

पुनमनं पहिलं पान पाहिलं, शेवटचं पाहिलं. चूक झाली होती, असं कुठंच लिहिलेलं नव्हतं. तिनं पुस्तिका मिटली आणि आरतीपुढं सरकवली.

"ने. तुला लागंल."