जळबाच्या नावाचा बेडूक

हिंगोलीच्या मोंढ्यात तीस वर्षं हळदीची पोती वाहिलेल्या जळबाला आपलं नाव कधी आवडलं नाही. कागदावर ते कुणी धड लिहीतच नसे. कुणी जलबा करी, कुणी जळवा. म्हणून परदेशातून लेकीचा फोन आला, तेव्हा त्याला खरंच वाटेना.

"बाबा, एक नव्या जातीचा बेडूक सापडलाय बहुतेक. पक्कं झालं तर त्याला तुमचं नाव देणार."

"माजं? काहून?"

"मला द्यायचंय म्हणून."

करुणा पेरू देशातल्या जंगलात बेडकांचा अभ्यास करत होती. खडबडीत कातडीचे, वाळक्या पानासारखे दिसणारे हे बेडूक पालापाचोळ्यात बसले की नजरेला पडत नसत. त्यांच्या जाती एकमेकींना इतक्या जवळच्या, की ओळखताना तिचे सरही चुकत.

जळबाने साऱ्या मोंढ्यात सांगून टाकलं. "खायचा पेरू न्हाई, देश हाय देश. तिथं माज्या नावाचा बेंडूक हाय." फोटो छापून आणून तो खिशात घालून फिरू लागला.

आठ महिन्यांनी जनुकांची तपासणी झाली. तो बेडूक वेगळा नव्हताच. फार पूर्वी नाव मिळालेल्या एका जातीतलाच निघाला, फक्त डोक्यावरचा कंगोरा जरा उंच. हे फोनवर सांगायला करुणाची जीभ रेटेना. घरी गेल्यावर सांगू, असं तिने ठरवलं. तेवढ्यात आईचा, पद्माबाईचा, निरोप आला. बाबांना दवाखान्यात ठेवलंय, लगेच निघ.

ती पोचली तेव्हा जळबाला धाप लागत होती. तरी त्याने पहिलं तेच विचारलं.

"छापून आलं का माजं नाव?"

पद्माबाईने लेकीकडे पाहिलं. हो म्हण, असं तिचे डोळे सांगत होते. करुणाने वडिलांचा हात धरला.

"नाही बाबा. तो जुन्यातलाच निघाला."

"तपासलं बराबर?"

"दोनदा."

"मंग ठीक हाय," जळबा म्हणाला.

संध्याकाळी त्याच्यासोबत पोती वाहणारा गुलाबसिंग भेटायला आला. "काय जळबा, तुजा बेंडूक काय म्हणून राहिला?"

"माजा न्हाई तो. ज्याचा त्याच्याकडं गेला," जळबा म्हणाला आणि हसला. दुसरं कुणी हसलं नाही. मग त्याने भिंतीकडे तोंड केलं.

तिसऱ्या दिवशी तो गेला.

लोक येऊन गेले. घर रिकामं झाल्यावर, नवऱ्याचे सदरे घडी करता करता पद्माबाई म्हणाली, "तीन दिस गप बसली असती तर काय बिघडलं असतं तुजं?"

"मला काय माहीत होतं आई, तीनच दिवस आहेत म्हणून?"

पद्माबाईने घडी केलेला सदरा मांडीवर घेतला आणि त्यात तोंड खुपसून ती रडली. करुणा दाराशी बसून राहिली. जवळ जायचा धीर तिला झाला नाही.

परत जायच्या दिवशी पद्माबाई तिला सोडायला रेल्वे स्टेशनवर आली. गाडीला वेळ होता.

"पुन्हा एखादा नवा सापडला," करुणा म्हणाली, "तर त्यांचंच नाव देईन."

"नको माय," पद्माबाई म्हणाली. "आता कुणाला सांगत फिरणार हायेत ते?"

गाडी आली. तिने पिशवी लेकीच्या हातात दिली आणि डब्यात चढायला तिला हात दिला.