थोडंसं नेट

सगुणाबाईंनी त्या दिवशी सकाळपासून मोबाईल पालथा घालून ठेवला होता. सकाळचं कीर्तन नाही, बहिणीच्या नातवाचा नाच नाही, काही नाही. दिवसाला दीड जीबी मिळायचं आणि ते चार वाजेपर्यंत जसंच्या तसं राहायला हवं होतं. चारला धाराशिवला खो-खोचा राज्याचा अंतिम सामना होता. नात आकांक्षा जालन्याच्या संघातून खेळणार होती आणि संघाचे सर तो मोबाईलवरून थेट दाखवणार होते.

"आज्जी, तू बघून राह्यलीस असं समजूनच पळणार हाय मी," पोरगी जाताना म्हणाली होती.

सगुणाबाईही सातवीपर्यंत खो-खो खेळल्या होत्या. पुढं लग्न झालं. त्यांचं पळणं घरच्या कुणीच कधी पाहिलं नाही.

दोन वाजता शेजारची दैवशाला आली. "काकू, जरासं नेट द्या ना. लोणच्याचं बघायचंय. दोन मिनटाचं काम."

सगुणाबाईंच्या लहानपणी शेजारणी सकाळी गोवरीचा तुकडा घेऊन विस्तव मागायला यायच्या. आपल्यातला निखारा दिला म्हणून आपली चूल विझलेली त्यांनी कधी पाहिली नव्हती. नेटही त्याच जातीचं, असं त्यांचं पक्कं मत होतं. आकांक्षानं शिकवलेलं हॉटस्पॉटचं बटण त्यांनी ऐटीत दाबलं.

दैवशाला ओट्यावरच बसली. लोणचं दोन मिनिटांत मुरलं. मग एक पिक्चर लागला.

"काय साफ दिसून राह्यलंय हो काकू! माझ्या नेटवर सगळ्यांची तोंडं पुसल्यावानी दिसतेत."

खरंच, हिरॉइनच्या कुडीतले मोती मोजून घ्यावेत इतकं स्वच्छ चित्र होतं. आपल्या घरच्या नेटचं कौतुक झालं म्हणून सगुणाबाईंनाही बरं वाटलं. दैवशालाच्या फोनला तर त्याहून आनंद झाला असावा. वायफाय सापडलं असं समजून त्यानं महिनाभर अडकलेली सगळी अपडेटं एका बैठकीत उरकून घेतली.

पावणेचारला दैवशाला गेली. चारला सगुणाबाईंनी चष्मा पुसून सामना लावला. मधोमध एक गोल फिरू लागला. फिरतच राहिला. वर एक मेसेज आला, तो त्यांचे यजमान पुंजाराम यांनी वाचला.

"आजचा डेटा शंभर टक्के संपला म्हणतंय."

"मी तर काहीच बघितलं न्हाई!"

"तू न्हाई बघितलं. ओट्यावर बसून दुसऱ्यांनी बघितलं."

पुंजारामांचा फोन बटणांचा. रिचार्ज मारून देणारा आदिनाथ, म्हणजे आकांक्षाचा बाप, जालन्याच्या मिलमध्ये ड्यूटीवर. तिथं फोन गेटवर जमा. सगुणाबाई चपला घालून शेजारी गेल्या.

"अगं माय, संपलं?" दैवशालाला फार वाईट वाटलं. "या की मंग. माझं दीडचं दीड तसंच हाय."

"तसंच कसं?"

"दुपारून वापरलंच कुठं मी?"

तिनं हॉटस्पॉट लावला. मग सगुणाबाईंचा मोबाईल हातात घेऊन, नेट कमी लागावं म्हणून, चित्राची क्वालिटी पार तळाला नेली. "एकशे चव्वेचाळीसच्या वर जाऊ नका बरं, काकू. मला अजून मालिका बघायची हाय."

मैदान म्हणजे एक तांबडा डाग आणि पोरी म्हणजे निळे-पिवळे ठिपके. एक निळा ठिपका खांबाला वळसा घालून असा सुटला की सगुणाबाई उभ्याच राहिल्या.

"हीच! हीच आमची!"

"कशावरून?"

"पळण्यावरून. दिसतंय की!"

पुढं त्यांनी आणखी दोन ठिपक्यांना आकांक्षा ठरवलं आणि तिघींसाठीही टाळ्या वाजवल्या. शेवटी सगळे निळे ठिपके एकमेकांत मिसळून एकच मोठा ठिपका झाला, त्यावरून जिंकल्याचं कळलं.

थोड्या वेळानं पोरीचा फोन आला. "आज्जी, बघितलंस?"

"बघितलं की! बराबर बघितलं."

"मी तीन मिनटं पळले. माझी रिबीन सुटल्ती, दिसली?"

"न दिसायला काय झालं?" सगुणाबाई ठणकावून म्हणाल्या.

एवढ्यात दैवशालानं फोनजवळ तोंड आणलं. "आकांक्षा, माझ्या नेटवर बघितलं बरं का आज्जीनं! म्हटलं, काकू, लागंल तेवढं घ्या, आपल्यात काय हिशेब?"

"काकी, तुमचे उपकार बघा! तुम्ही होत्या म्हणून आज्जीला मी दिसले!"

सगुणाबाईंनी बोलायला तोंड उघडलं. पण पलीकडं पोरगी आनंदानं नुसती किंचाळत होती. "व्हय, लई जीव लावती बिचारी," एवढंच त्या म्हणाल्या. फोन ठेवला, दैवशालाला उद्या चहाला यायचं आवतण दिलं, आणि येताना मोबाईल घरीच ठेवून ये, असं बजावलं.