विभूतीच्या डबीतल्या गोळ्या

कोरोना माणसाची जात, पैसा, हुद्दा काही पाहत नाही, असं दुसऱ्या लाटेत टीव्हीवर रोज सांगत होते. ते खरंही होतं. पोटाचा घेर मात्र तो पाहत होता.

मुरुडच्या रामलिंगअप्पांचा घेर पाहण्यासारखाच होता. लेक आरतीसाठी निलंग्याचं स्थळ आलं, तेव्हा पाहुण्यांनी त्या पोटावरूनच खातंपितं घर ओळखलं. आमच्या भागात सोयरिकीला पोट चालतं, शुगर चालत नाही. उद्या पोरीलाही होईल म्हणतात. म्हणून अप्पा शुगरच्या गोळ्या विभूतीच्या डबीत ठेवायचे. त्या डबीला घरात दुसरं कुणी हात लावत नसे. सकाळी कपाळाला बोटं, मग तोंडात गोळी. बायकोला ती भक्तीच वाटायची.

सुपारी फुटायची तेवढी राहिली होती आणि अप्पांना धाप लागली. लातूरला एका दवाखान्यात भरती केलं. पिशवीत विभूतीची डबी होतीच. शेजारच्या खाटेवर ऑक्सिजन लावून पडलेले गृहस्थ निघाले निलंग्याचे मल्लिकार्जुनअप्पा. म्हणजे होणारे व्याही.

डॉक्टर बुद्धप्रियांनी बीपी, शुगर विचारलं. अप्पांनी आधी शेजारी पाहिलं, मग मान हलवली. न्हाई म्हणाले. स्टिरॉइड सुरू झालं. दुसऱ्या दिवशी सिस्टरनं बोट टोचलं आणि साऱ्या वॉर्डाला ऐकू जाईल असा आकडा वाचला. चारशे बारा.

"अप्पा, शुगर कधीपासून आहे?"

"आजच आली, मॅडम. तुमच्याच इंजेक्शननं."

इंजेक्शननं शुगर चढते हे डॉक्टरांनी मान्य केलं. पण सुटलेलं पोट, शुगर आणि बीपी एकत्र नांदत असले की हा आजार जड जातो, आणि रोगीच लपवायला लागला तर औषध अंदाजानं द्यावं लागतं, अंदाज चुकला तर माणूस जातो, हेही त्यांनी समजावलं. शेवटी म्हणाल्या, "मला काही तुमच्याशी सोयरीक करायची नाही. खरं सांगा."

अप्पांनी मास्क बाजूला सारला. यंत्र टिटिट करू लागलं. धाप लागलेल्या माणसाला कुजबुजता येत नाही.

"सात वर्सं झाली."

वॉर्डभर ऐकू गेलं.  बोट टोचण्याची पाळी अजून शेजारच्या खाटेकडे आली नव्हती. मग मल्लिकार्जुनअप्पांनी विचारलं,

"गोळी पांढरी का? लांबट?"

"हाव."

त्यांनी उशीखाली हात घातला आणि विभूतीची डबी काढली.

"माझी बी तीच हाय. तुमच्या सरल्या असतील तर घ्या."

डॉक्टरांनी दोन्ही डब्यांतल्या गोळ्या काढून घेतल्या, विभूती परत दिली आणि दोघांना इन्शुलिन लावलं. हळूहळू धाप ओसरली. सोयरीक वॉर्डातच पक्की झाली. शुगर दोन्ही घरांत असल्यानं ती पुढे कुणाकडून आली, हे भांडणही मिटलं.

लग्नाला पंचवीस माणसांची परवानगी होती. बालूशाही शंभर माणसांची केली होती. उरली नाही.