वखारीतला सरकारी खोकला

सरकारनं निपाणीत खोकल्याची चौकशी लावली, म्हणून तंबाखूच्या वखारीत खोकायला बंदी झाली.

"डागदरापुढं जी खोकंल ती कामावरनं गेली," परशराम मुकादमानं सकाळीच बायकांना बजावलं. "मग घरला बसून निवांत खोका."

नागुबाईनं मान हलवली. घरात कमावणारी ती एकटी, आणि खोकला असा की गल्लीत कुणाला कोंबडा पाळायची गरज नव्हती.

तंबाखू चाळताना धूळ घशात जाऊ नये म्हणून बायका गालात गुळाचा खडा धरत. त्या दिवशी नागुबाईनं दोन धरले.

चौकशीसाठी टिळकवाडीचे सरकारी डॉक्टर श्रीपादराव आले. खिडक्या बंद होत्या; वाऱ्यानं माल उडतो म्हणून त्या बंदच असत. डॉक्टरांनी नागुबाईच्या पाठीला नळी लावली.

"श्वास घ्या."

घेतला तर खोकला येणार. तिनं घेतलाच नाही. मानेच्या शिरा तट्ट फुगल्या. बायकांच्या हातातल्या चाळण्या थांबल्या.

"मला काहीच ऐकू येत नाही," डॉक्टर म्हणाले.

"कामाच्या वक्ताला आमच्यात कोण श्वास घेत न्हाय सायेब," मुकादम म्हणाला. "लई शिस्त हाय."

डॉक्टरांनी बोलायला तोंड उघडलं, तशी धूळ आत गेली. ठसक्यानं ते वाकलेच. ठसका लागलेल्याला गूळ द्यायचा ही वखारीची रीत. हात आधी जातो, विचार मागून. नागुबाईनं कनवटीचा खडा पुढं केला.

"गालात धरा, अण्णा."

बोलायला तिचं तोंड उघडलं आणि दाबून धरलेला खोकला बाहेर पडला. थांबेचना.

मुकादमानं दाराकडं बोट केलं. "चल नागुबाई. घरला."

"थांबा," डॉक्टर गालातला गूळ सांभाळत म्हणाले. "या बाई आता सरकारी नमुना आहेत. खोकला आहे तोवर यांना काढायचं नाही. आणि चौकशी संपेपर्यंत इथलं काही बदलायचं नाही. खिडकीसुद्धा उघडू नका, नमुना बिघडेल."

चौकशी अजून चालू आहे. मुकादम रोज सकाळी दारात कान देऊन उभा असतो. "आक्का, खोकला हाय न्हवं?"

"हाय की." नागुबाई खोकून दाखवते आणि आत जाते.

परवा उठल्यावर तिचा घसा मोकळा होता. ती घाबरली. गूळ घरीच ठेवून निघाली, वाटेत मिरची चावून दारापुरतं खोकली, आणि वखारीत सगळ्यात दाट धुळीच्या कोपऱ्यात जाऊन बसली.